शेऱ्याचा रकाना

म्हसरूळहून सहाला गाडी काढली
की साडेआठला पेठच्या पुढे, आश्रमशाळेमागच्या बोअरपाशी.
करवंदीची जाळी, सहा इंची केसिंग, कुलूप,
आणि कुलपाच्या भोकात दर खेपेला
कुंभारणीनं नव्यानं लिंपलेलं घर.
ते काडीनं काढायचं. त्याचा रकाना नाही.

टेप सोडायची. टोक पाण्याला टेकलं
की बझर वाजतो, चोरटा.
एकोणीस मीटर बेचाळीस.
मागच्या गुरुवारी एकोणीस चाळीस.
मग रेडॉनची फिल्म. जुनी पाकिटात, नवी दोरीला.
नाशकात ती क्षारात तापवतात
आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे मोजतात.
देवस्थळी मॅडम त्याला खडकाचा उच्छ्वास म्हणतात.
मी वायू लिहितो.

शाळेच्या कोठीतल्या यंत्राची रेघ
हलायला काही लागत नाही.
देवळालीला तोफांचा सराव असला की हलते,
खाणीत सुरुंग उडाला की हलते,
एकदा पोरं कोठीच्या ओट्यावर
लंगडी खेळली, तेव्हाही.
अकरा वर्षांत शिकलो ते एवढंच:
काय नाही, ते आधी खोडत जायचं.

हिराबाई भोये हंडा टेकून विचारते,
"काय म्हणतंय पोटातलं?"
दीडशे बाळंतपणं केलेली बाई.
मी विचारलं, खोट्या कळा, खऱ्या कळा,
फरक कसा ओळखता?
"मूल झालं म्हणजे," म्हणाली
आणि हंडा उचलून चालू लागली.

कार्तिकात गावाखाली गुरगुर सुरू झाली.
मांडणीतल्या ताटल्या आपसूक किणकिणायच्या.
पेपरवाले येऊन कुत्र्यांचं विचारून गेले.
कुत्री निवांत निजलेली.
दुसऱ्या गुरुवारी टेप सोडली
आणि बझर फार लवकर वाजला.
सतरा पंच्याऐंशी.
पुन्हा सोडली. सतरा पंच्याऐंशी.
टोक सदऱ्याला पुसून सोडली.
सतरा चौऱ्याऐंशी.

रेंजसाठी टेकडी चढलो.
मॅडम म्हणाल्या, पंप? पाऊस? हवेचा दाब?
पंप बंद. पाऊस नाही. दाब तोच.
मग पलीकडून बराच वेळ
फक्त त्यांच्या खुर्चीचा आवाज.
"कुणाला काही बोलू नकोस.
आणि खोटंही बोलू नकोस."
या दोन वाक्यांच्या मधे जेवढी वाट होती
तेवढ्या वाटेनं मी खाली उतरलो.

खाली हिराबाई. छातीशी, टॉवेलात गुंडाळलेला
वीस दिवसांचा नातू.
"आज बाहेर निजू?"
आत मातीची भिंत, वर कौलं.
बाहेर दव,
आणि त्याची टाळू अजून उडत होती.
मी म्हणालो, भिंतीपासून लांब निजा,
उशाशी कणगी नको, दाराला कडी नको.
हे मी कुठल्याही गुरुवारी म्हणालो असतो.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कळांमधलं अंतर मोजताना पाहतात तसं.

त्या रात्री गाडीत बसून होतो. काही झालं नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.
नवव्या दिवशी, दुपारी दोनला,
पाणी पुन्हा एकोणीसवर गेलेलं असताना,
तीन पूर्णांक चार.
शाळेची एक भिंत तडकली.
पोरं मैदानात जेवायला बसली होती,
वरणाचं पातेलं तेवढं कलंडलं.

वर्षाचा आलेख मोठ्या कागदावर छापला तेव्हा
मॅडमनी त्या सतरा पंच्याऐंशीभोवती
तांबड्या पेन्सिलीनं गोल काढला.
बघत बसल्या. चहा आला, निवला.
मग खोडरबर घेऊन पुसला.
कागद तिथे जरा खरखरीत झालाय.
दिसत नाही. बोट फिरवलं तर लागतो.

माझ्या वहीत त्या तारखेसमोर,
जिथे "निरंक" लिहायची पद्धत आहे,
तिथे लिहिलंय:
हिराबाईनं वाकळ भिंतीपासून चार हात ओढली.
बाळ आतच.
साहेबांनी सही केली, बहुतेक न वाचता.

उद्या गुरुवार. काडी खिशात ठेवलीय.